कोरडा बोल्ट

बोल्टला तेल लावल्याशिवाय तो भोकात घालायचा नाही, हे वस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांचं तेल साधं नसायचं. एक वाटी मशीनचं तेल घ्यायचं, त्यात दोन चमचे पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड घालायची आणि आठवडाभर झाकून ठेवायचं. रोज एकदा काडीने ढवळायचं. आठवड्याने ते काळंभोर आणि रेशमासारखं होई. ते तेल लावलेला बोल्ट असा आत जाई, की आपण फिरवतोय की तोच फिरतोय ते कळू नये. वीस वर्षांनी काढला तरी गंज नसायचा. वस्ताद गेले तेव्हा त्यांची बाटली माझ्याकडे आली. चाळीस वर्षं मी ती रिकामी होऊ दिली नाही.

उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं असल्यामुळे कारखान्यात मला सगळे ‘काळेबोट’ म्हणायचे. घरातलं एकही बिजागर माझ्या बायकोने कधी कुरकुरताना ऐकलं नाही. मी दार उघडून आत यायचो ते तिला कळायचंच नाही. ती ओट्यापासून वळायची तर मी समोर उभा, आणि ती दचकायची. म्हणायची, “तुमच्यापेक्षा चोर बरा, निदान काहीतरी पाडतो तरी.”

तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हती. मला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे. मापं, पान्यांचे नंबर, ड्रॉइंगवरच्या रेघा, हे सगळं मी पटापट समजायचो, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. अक्षरं आली की मी मान हलवायचो. घरी आलेला कागद ती वाचून दाखवायची. कारखान्यातले कागद मात्र घरी न्यायची परवानगी नव्हती.

आमचा कारखाना लहान होता. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा माणसांसाठी आम्ही भिंतीवर बसवायचा एक लांब दांडा बनवायचो. त्याच्या टोकाला झोळी असते. माणसाला झोळीत घ्यायचं, उचलायचं आणि खुर्चीत ठेवायचं. आम्ही त्याला उचलहात म्हणायचो. आधी त्याची भिंतीकडची बैठक पोलादाची असायची. जड होती, पण बोल्ट कितीही आवळा, तिला ढिम्म काही व्हायचं नाही. मग मालकांनी ठरवलं की बैठक ॲल्युमिनियमची करायची, म्हणजे एकट्या माणसाला ती बसवता येईल. त्या कामासाठी हिशोब करणाऱ्या एक बाई नेमल्या गेल्या.

त्यांना सगळे आकडेबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना राग यायचा नाही. पस्तिशीच्या असतील. डबा एकट्याच खायच्या, खाताना शेजारी वही उघडी असायची. एकदा त्यांनी मला टेबलापाशी बोलावून बैठकीचा तुकडा दाखवला. म्हणाल्या, ॲल्युमिनियम मऊ असतं. त्यात सरळ आटे पाडून बोल्ट आवळला तर साबणात खिळा फिरवल्यासारखं होईल, आटे सोलून बाहेर येतील. म्हणून भोक जरा मोठं करायचं, त्यात आधी पोलादी आट्यांची एक नळी फिरवून बसवायची आणि मग त्या नळीत बोल्ट. त्या नळीला त्या इन्सर्ट म्हणायच्या, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

“बोल्ट ओढणार इन्सर्टला आणि इन्सर्ट ओढणार ॲल्युमिनियमला,” त्या म्हणाल्या. “काका, बोल्ट दणकट आहे, त्याची मला फिकीर नाही. मला या मधल्याची काळजी आहे. सून म्हणून आलीय बिचारी, दोन्हीकडून ताण.”

मी हसलो. त्यांना असं काही बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दांडा बैठकीला धरून ठेवायला चार बोल्ट होते. ते किती आवळायचे याचा आकडा त्यांनी महिनाभर खपून काढला. तीस. आपल्याकडे एक पाना असतो, त्यावर आकडा लावून ठेवला की तेवढा जोर झाल्यावर तो टक् करतो. तो तीसवर लावायचा, टक् झालं की थांबायचं. ड्रॉइंग त्यांनी स्वतः माझ्या बाकड्यासमोर टाचणीने लावलं. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या हातचं काहीतरी लिहिलेलं होतं आणि त्याखाली लाल पेन्सिलीची जाड रेघ होती.

“सूचना वाचली ना, काका?” त्यांनी विचारलं.

“वाचली, बाई,” मी म्हणालो.

लाल रेघ म्हणजे काळजी घ्या, एवढं मला कळत होतं. इतकी नाजूक वस्तू, वर माणसाचा भार. मी काळजी घेतली. एरवी बोल्टला एकदा बोट फिरवायचो. त्या बारा बैठकांना इन्सर्टच्या आतूनही फिरवलं आणि बोल्टलाही, दोनदा. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे बसले. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सांगितलंसुद्धा, की आज हातून फार छान काम झालं.

पाच महिन्यांनी एका वृद्धाश्रमात दांडा बैठकीतून सुटला. झोळीत एक म्हातारे घड्याळजी होते. ते जमिनीवर आपटले, खुब्याचं हाड मोडलं. जगले, पण पुन्हा उभे राहिले नाहीत. मालकांनी बाकीच्या अकरा बैठका परत मागवल्या. त्यातल्या पाचांचे इन्सर्ट केसभर वर आले होते, जमिनीतून भुईछत्री डोकं काढते तसे.

चौकशीला बाहेरून एक तपासनीस आले. वृद्धाश्रमातली बैठक, बोल्ट आणि इन्सर्ट त्यांच्यापुढे मांडायचं काम माझ्याकडे होतं. वस्तादांची आणखी एक शिकवण होती. मोठ्या माणसापुढे कळकट वस्तू ठेवायची नाही. मी एकूण एक भाग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला, फडक्याने पुसला आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून ठेवला. तपासनिसांनी माझं कौतुक केलं, असं स्वच्छ काम कुठे बघायला मिळत नाही म्हणाले.

त्यांनी सगळं मोजलं. इन्सर्ट बरोबर, ओतकाम बरोबर, बोल्ट बरोबर. मला विचारलं, कसे बसवले. मी म्हणालो, नेहमीसारखे, तीसवर. पाना तपासला, तोही बरोबर निघाला. उरला फक्त हिशोब. आकडेबाई सांगत राहिल्या, की त्यांनी आपल्या टेबलावर दोन तुकडे स्वतः आवळून बघितले होते, तीसपर्यंत काही झालं नव्हतं. पण तुटलेलं हाड एकीकडे आणि वहीतले आकडे एकीकडे. अहवालात लिहिलं गेलं, की भार काढण्यात चूक झाली.

त्या गेल्या त्या दिवशी मी फाटकापाशी होतो. हातात कागदाचं खोकं, वर वह्या. थांबून मला म्हणाल्या, “काका, खरं सांगा. बसवताना हाताला काही वेगळं लागलं होतं?”

“नाही, बाई. लोण्यासारखे बसले होते.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, दूरवर कुणीतरी हाक मारल्यासारख्या. मग मान हलवून निघून गेल्या. मालकांनी पुन्हा पोलादाच्या बैठका सुरू केल्या. इन्सर्टचं नाव कारखान्यात परत निघालं नाही.

दोन वर्षांनी माझी बायको गेली. मुलगी सातासमुद्रापार, रविवारी तिचा फोन येतो. बाकीचे सहा दिवस घरात माझाच आवाज. तोही मी किटलीशी किंवा चपलांशी बोललो तरच. कारखान्याने मला निवृत्त केलं होतं, तरी मालकांनी आठवड्यातून तीन दिवस यायची मोकळीक दिली होती. बिघडलेलं काही दुरुस्त करावं, चहा प्यावा, कुणीतरी ‘ए काळेबोट’ म्हणून हाक मारावी. त्या तीन दिवसांवर मी उरलेले चार दिवस काढायचो.

पण घरात कागद साचू लागले. औषधांच्या दोन पट्ट्या सारख्याच दिसायच्या, आणि ‘ही सकाळची, ही जेवणानंतरची’ म्हणणारं कुणी नव्हतं. एके दिवशी मी मोठ्या वाचनालयात गेलो. तिथे दुपारी प्रौढांचा वर्ग भरायचा. सहासष्टाव्या वर्षी पहिलं अक्षर काढलं. पेन्सिल इतकी दाबली, की टोक मोडलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आजोबा, पाना नाही तो. दोन वर्षं लागली. मग मात्र मला वाचायचं व्यसन जडलं. दुकानांच्या पाट्या, साबणाची वेष्टणं, बसच्या तिकिटाची मागची बाजू, काही सोडायचो नाही.

त्यामुळेच ते घडलं. कारखान्यात नवीन मशीन येणार होतं, त्यासाठी जुनं कपाट हलवायचं होतं. मालकांनी सांगितलं, आतली ड्रॉइंग बघून टाकाऊ असतील ती बांधून ठेव. दुसऱ्या कुणी अर्ध्या तासात गठ्ठा बांधला असता. मी खाली बसून एकेक कागद वाचत होतो. दुपारी एका कागदाला चार टाचण्यांची भोकं दिसली आणि कोपऱ्यात लाल रेघ. रेघेच्या वर लिहिलं होतं, ‘इन्सर्ट व बोल्ट पूर्ण कोरडे असावेत. तेल अजिबात लावू नये.’

मला वाटलं, माझं वाचणं चुकलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग कागद घेऊन स्टोअरवाल्याकडे गेलो. म्हटलं, चष्मा विसरलोय, जरा वाच. त्याने कानात काडी फिरवत फिरवत वाचून दाखवलं. तेच होतं. चष्मा माझ्या खिशात होता.

मी कागद घडी करून सदऱ्यात घातला. चाळीस वर्षांत कारखान्यातून मी एक खिळाही घरी नेला नव्हता.

तेलाने नेमकं काय केलं असेल, ते मला समजत नव्हतं. तेल लावलं तर वाईट काय होणार? पण ती रेघ तिथे उगाच नव्हती, आणि मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. रविवारी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, सहा वर्षं झाली. आता कुणाला काय फरक पडतोय? तुम्ही बोललात तर तेवढा कारखाना आहे तोही जाईल. मग दिवसभर करणार काय?” ती माझ्या भल्याचंच सांगत होती. तिला तिकडून माझी काळजी घ्यायची तर दुसरं काय सांगणार?

पुढचे दोन आठवडे मी कारखान्यात गेलो, चहा प्यायलो, हाकेला ओ दिली. कागद घरी, बायकोच्या चष्म्याच्या डबीखाली होता. तिसऱ्या आठवड्यात स्टोअरवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, आकडेबाई हल्ली कुठे असतात. तो म्हणाला, बाजारामागच्या पडद्यांच्या दुकानात. त्याच्या बायकोने त्यांच्याकडूनच पडदे शिवून घेतले होते. “फार वेळ लावतात,” तो म्हणाला. “एक खिडकी मोजायला पाऊण तास.”

दुकान लांबट होतं, दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे छतापर्यंत. त्या आत टेबलाशी उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी फूटपट्टी ठेवून कापड मोजलं आणि खडूने खूण केली. मग पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. मग तिसऱ्यांदा. कात्री उचलली, परत ठेवली आणि चिठ्ठीवरचा आकडा बघितला. मी दारात उभा राहून हे सगळं पाहिलं. मागे फिरावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच ओळखलं.

“काका? पडदे हवेत?”

मी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. म्हणालो, बाई, ही सूचना मी तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा वाचली. बैठका बसवल्या तेव्हा मला वाचता येत नव्हतं. मी बोल्टला तेल लावलं होतं.

त्यांनी कागद उचलला नाही. त्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मग दुकानाच्या मालकिणीला सांगितलं की आज लवकर जाते, आणि मला म्हणाल्या, चला.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीशी टेबल. खिडकीला पडदा नव्हता. टेबलावर ॲल्युमिनियमचा कापलेला तुकडा होता, आत इन्सर्ट बसवलेला. कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या. शेजारी वह्यांची चळत. खुर्ची मला देऊन त्या पलंगावर बसल्या.

“कोणतं तेल?” त्यांनी विचारलं.

मी कृती सांगितली. तेल एक वाटी, शिशाची पूड दोन चमचे, आठवडाभर ठेवायचं.

“शिसं घालून,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि पेन्सिल घेतली.

हिशोब करता करता त्या मला समजावत गेल्या, सहा वर्षांपूर्वी समजावायच्या तसंच. आपण पान्यावर जो जोर लावतो, त्यातला फार थोडा बोल्टला ताणायला जातो. दहातले नऊ भाग आटे आणि डोकं घासण्यातच संपतात. ते घासणं गृहीत धरूनच आकडा काढायचा असतो. कोरडा बोल्ट तीसवर आवळला की त्याला पंधराशे किलोचा ताण बसतो. इन्सर्टला धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमची ताकद सव्वीसशे. माणूस झोळीत बसला की आणखी दोन-अडीचशे, तेही सगळे बोल्टवर येत नाहीत. भरपूर जागा ठेवली होती त्यांनी. पण तेल लावलं की घासणं कमी होतं. तेल जितकं चांगलं, तितकं कमी. पाना तीसलाच टक् करणार, त्याला काय कळतंय? वाचलेला सगळा जोर बोल्टला ताणत बसणार.

त्यांनी खाली एक रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली. आकडे मला आधीपासून वाचता येत होते. सत्तावीसशे.

“लोण्यासारखे बसले होते,” मी म्हणालो.

“हो. बसतानाच ते आटे सोलत होते. तेच तुमच्या हाताला मऊ लागलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. त्या वहीकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

“या वह्या बघितल्यात?” त्या म्हणाल्या. “सगळ्यांत हाच हिशोब आहे. दर वेळी उत्तर तीस येतं. माझं मलाच खरं वाटेनासं झालं. मीटरभर कापड मी तीनदा मोजते, काका. मला वाटत होतं, माझ्या डोक्यातच कुठेतरी काहीतरी सोललं गेलंय.”

मी हात मांडीवर ठेवून बसलो. ते काळं बोट मला तेवढं एकच दिसत होतं.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुम्ही वाचली म्हणालात.”

“हो, बाई.”

त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, त्या घड्याळजींना भेटायला त्या वर्षभर दर महिन्याला जायच्या. ते त्यांना हातातलं घड्याळ दाखवायचे आणि विचारायचे, तुमचं बरोबर आहे का बघा. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलाने निरोप पाठवला होता, बाईंनी येऊ नये.

मी रात्रभर बसून लिहिलेलं पत्र खिशातून काढलं. मोठ्या अक्षरांत दीड पान होतं. त्यांनी ते वाचलं, मग पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. तेलाचं प्रमाण यात नाही, ते लिहा, म्हणाल्या. आणि भाग रॉकेलने धुतले तेही. मी लिहिलं. त्या वाट बघत बसल्या. मला एकेका ओळीला वेळ लागतो.

दोन दिवसांनी आम्ही कारखान्यात गेलो. त्या वेळच्याच ओतकामातले, वापरात न आलेले दोन तुकडे मालाच्या खोलीत पडून होते, ते मला ठाऊक होतं. त्यांत नवीन इन्सर्ट बसवले. मालक, स्टोअरवाला आणि इतर चौघे-पाच जण गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, काळेबोटाने पुन्हा नोकरी धरली काय? कुणी हसलं. मी पाना तीसवर लावला.

पहिला बोल्ट कोरडा. तो कुरकुरत, अडत फिरला. माझ्या हाताला तो कधीच आवडला नसता. टक् झालं. आकडेबाईंनी इन्सर्टवर पट्टी ठेवली. हलला नव्हता.

दुसऱ्यासाठी मी बाटली उघडली. बोट बुडवलं, बोल्टवरून फिरवलं. इन्सर्टच्या आतून फिरवलं. दोनदा, तेव्हा केलं होतं तसंच. बोल्ट गुपचूप आत गेला. पाना जड होत गेला आणि मग अगदी शेवटी, टक् व्हायच्या जरा आधी, तो मऊ झाला. आता मला ते ओळखता आलं. इन्सर्टच्या कडेने ॲल्युमिनियमची चमकती किनार वर आली होती.

स्टोअरवाला वाकून बघत होता. मालकांनी माझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “काळेबोट, हे तू सहा वर्षांनी कशाला उकरून काढलंस? कुणी तुला विचारायला आलं नव्हतं.” मी म्हणालो, त्या आल्या होत्या. फाटकापाशी.

आकडेबाई तिथून हलल्याच नाहीत. तपासनिसांना जायचं पत्र तयार होऊन त्यावर मालकांची सही होईपर्यंत त्या माझ्या बाकड्याशी उभ्या राहिल्या. सही झाल्यावर मालक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आता घरी आराम करा.” चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहोजाहो केलं. त्यावरून मला कळलं.

बाकड्यातून माझा डबा, फडकं आणि बाटली घेतली. कुणी हाक मारली नाही. मारावी असं मलाही वाटत नव्हतं. ज्यांनी माझ्या हातावर विश्वास ठेवून आपली कामं पुढे पाठवली होती, त्यांच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

फाटकापाशी आकडेबाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, “मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही.”

“नका म्हणू.”

“पण वाचली का, असं मी विचारायला नको होतं. काय लिहिलंय ते सांगा, असं विचारायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं, “कधी शिकलात वाचायला?”

“बायको गेल्यावर.”

त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघं दोन दिशांना गेलो.

तीन महिन्यांनी टपालाने एक पाकीट आलं. आत दुरुस्त केलेल्या अहवालाची प्रत होती. खिडकीत उजेड होता तिथे खुर्ची ओढून मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. ‘हिशोबात कोणतीही चूक आढळली नाही.’ त्याच्या पुढच्या ओळीत ‘फिटरकडून’ असं लिहून जे झालं ते लिहिलेलं होतं. तीही ओळ वाचली. वाचून दाखवायला कुणाला बोलवावं लागलं नाही. सोबत पत्र नव्हतं. फक्त पाकिटामागचा पत्ता दुसऱ्याच शहरातला होता, खाली एका यंत्रकारखान्याचं नाव. म्हणजे त्या पुन्हा आकडे काढू लागल्या होत्या.

बाटली मी फडताळात सगळ्यात वर ठेवली आहे. तेल बसून खाली गाळ झालाय, वर पिवळं पाणचट उरलंय. ढवळलं नाही.

मागच्या महिन्यात बाहेरच्या दाराचं खालचं बिजागर कुरकुरायला लागलं. आधी थोडं, आता चांगलंच. रविवारी फोनवर मुलीलाही ऐकू गेलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्या घरात हे? तेल लावा की. मी म्हणालो, लावतो.

लावलं नाही. आतल्या खोलीत असलो आणि कुणी आलं, तर निदान कळेल.